बाजार इथंच भरणार

बुधवार, ३ मे

सकाळी गिरणीचा पट्टा तुटला. दुपारपर्यंत बसवता आला नाही. बायका दळणाचे डबे तसेच ठेवून गेल्या.

चारच्या सुमाराला नगरपंचायतीचा शिपाई शुक्रवार, बारा तारखेच्या सभेचा अजेंडा देऊन गेला. पीठ झाडून हात पुसले आणि उंबऱ्यातच वाचायला बसले. रस्ता, गटार, दिव्यांचे खांब. नेहमीचंच. मग विषय क्र. ११: मंगळवारच्या बाजारातला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार बायपासलगतच्या खाजगी जागेत हलवणे आणि मोकळ्या होणाऱ्या मैदानावर व्यापारी संकुल बांधणे.

दोनदा वाचलं. बायपासलगतची जागा म्हणजे कुणाची ते गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नगराध्यक्षांचे यजमान सर्जेराव, त्यांच्या मेव्हण्याची. माळ आहे नुसता. झाड नाही, पाणी नाही.

काल मंगळवारच होता. मैदानावरनं येताना सत्तर-ऐंशी बायका तरी दिसल्या असतील शेळ्या धरून लिंबाखाली बसलेल्या. त्यांना यातलं काही माहीत नाही. मलाच आज कळतंय, आणि मी सत्ताधारी गटाची नगरसेविका.

शुक्रवार, ५ मे

आबा भावजींच्या कृषी सेवा केंद्राच्या माडीवर गटाची बैठक. आबा भावजी म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, आमचे गटनेते. माझं तिकीट त्यांनीच दिलं, निवडूनही त्यांनीच आणलं. ते बोलतात, बाकीचे ऐकतात. नगराध्यक्षा वैशाली कोपऱ्यात, सर्जेराव मधोमध.

भावजी म्हणाले, विषय अकरावर चर्चा नको, सगळ्यांनी मंजूर म्हणायचं. मी विचारलं, वाड्यावस्त्यांवरनं बायका चालत येतात, त्या बायपासला कशा जाणार?

सर्जेराव म्हणाले, "बायकांनी कशाला जायाचं उन्हातान्हाचं? बापय माणसं टेम्पोत घालून नेतील की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते खरंच सोयीचं वाटत होतं. कुणी वाईट हेतूनं बोललं असतं तर भांडता आलं असतं.

आता घरी येऊन लिहितेय तेव्हा सुचतंय काय म्हणायला हवं होतं. घरात बैल नवऱ्याचा, म्हैस सासूची, दुधाचं बिल नवऱ्याच्या खात्यावर. शेळी तेवढी बाईची. तिनं चारायची, तिनं बाळंत करायची, आणि मंगळवारी तिनंच इकायची. जूनला पोरांच्या वह्या-पुस्तकांना, आजारपणाला, माहेरच्या लग्नाला. बाजार गावात आहे म्हणून ती शेळी घेऊन येते, पैसा हातात घेते, त्यातनं बाजारहाट करून घरी जाते. शेळी टेम्पोत चढली की पैसा टेम्पोवाल्याबरोबर जाणार. परत कुठं कुठं थांबून घरी येणार ते सांगायला नको.

माडीवर यातलं काहीच बोलले नाही. फक्त "बघू" म्हणाले. भावजींनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

रविवार, ७ मे

ह्यांचा फोन. हे तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सिक्युरिटीला आहेत. मिलिटरीतनं रिटायर झाल्यापासून तीच नोकरी, महिन्यातनं दोनदा घरी. सगळं सांगितलं. मग म्हणाले, आबा काय म्हणतोय?

भावजी म्हणतात मंजूर, म्हटलं.

"मग तू काय म्हणतीयास?"

नको म्हणतेय, म्हटलं.

ह्यांचे वडील लवकर गेले. भरतीला कोल्हापूरला नेलं ते आबा भावजींनीच, स्वतःच्या सायकलवर स्टँडपर्यंत. हे कधी विसरत नाहीत, आणि विसरू नयेच.

शेवटी म्हणाले, घाई करू नको. फोन ठेवला.

मंगळवार, ९ मे

गिरणी अकराला बंद करून बाजारात गेले. लिंबाखाली बायजाक्का होती. वस्तीवरची, साठीच्या पुढची, दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, आणि एक बोकड घेऊन. माझ्या आईच्या बरोबरीची. आई होती तेव्हा दोघी इथंच शेजारी बसायच्या.

तिला सांगितलं बाजार हलणार आहे. तिला आधी पटेनाच. मग म्हणाली, "कुनी इचारलं आमाला?"

सभेत ठरतं ते, म्हटलं.

"सभेत तू हायस न्हवं?"

"हाय."

"मग झालं तर," म्हणाली आणि व्यापाऱ्याकडं वळली. व्यापारी रफीकभाईंनी टॉवेलाखाली तिचा हात धरला, बोटं दाबून भाव सांगितला, तिला पटला नाही, तिनं हात काढून घेतला. ते हसत पुढं गेले. पाऊण तासानं परत आले आणि तिनं सांगितलेल्या भावात बोकड घेऊन गेले. तिला जायची घाई नव्हती. सावली होती, शेजारी पाण्याचा हौद होता, शेळ्या निवांत बसल्या होत्या. घाई नसली की भाव मिळतो. बायपासच्या माळावर हे कसं व्हायचं?

तिचं "मग झालं तर" डोक्यातनं जात नाही. किती सोपं वाटतं तिला.

शुक्रवार, १२ मे

सभा झाली. म्हणजे झाली नाही.

अकराला सगळे जमले. वैशाली अध्यक्षांच्या खुर्चीत, शेजारच्या खुर्चीत सर्जेराव, मांडीवर फाईल. पहिल्या सभेपासून असंच. तिच्या कानात सांगणार, ती तेच बोलणार. मुख्याधिकारी साहेब नवीन आहेत, तरुण आहेत, बघून न बघितल्यासारखं करतात.

कामकाज सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले. म्हणाले, अध्यक्ष मॅडम, सदस्य नसलेली व्यक्ती सभागृहात बसली आहे, त्यांना बाहेर बसायला सांगावं, मग विषय घ्यावेत.

माझं मलाच कळलं नाही मी हेच का धरलं. विषय अकरावर बोलायचं म्हणून आले होते. पण ते दोघं शेजारी बसलेले बघितले आणि वाटलं, आधी हे.

सर्जेराव हसले. "वैनी, आज उपास हाय का?" आमच्या गटातले काही हसले. विरोधी गटाचे पवार उठून म्हणाले, नियमानं बरोबर आहे. मु.अ. साहेबांना विचारलं. ते म्हणाले, हो, नियम तसाच आहे. त्यांना हे म्हणावं लागलं याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा.

सर्जेराव हलले नाहीत. मीही बसले नाही. वैशालीनं खाली मान घातली होती. आरडाओरडा झाला. मग आबा भावजी उठले, हातानं खूण केली, आणि आमचा सगळा गट त्यांच्या मागं बाहेर. वैशालीसुद्धा. गणपूर्ती नाही म्हणून सभा रद्द.

मी तशीच उभी. मागच्या रांगेत विरोधी गट. पवार म्हणाले, बसा ताई, पाणी घ्या. त्यांच्याकडचं पाणी प्यायले तर तेवढ्यावरनं गावात गोष्ट होईल, हे मनात आलं. तरी प्यायले. तहान लागली होती.

शनिवार, १३ मे

संध्याकाळी वैशाली घरी आली. एकटी. मला वाटलं नव्हतं. चहा ठेवला. तिनं घेतला नाही.

म्हणाली, "माझ्या मालकांना चारचौघांत उठवायला गेलात, सुमनताई. घरी काय झालं असेल विचार केलात?"

केला नव्हता. तसं सांगितलं. पण म्हटलं, खुर्ची तुझी आहे, त्यांची नाही.

"ते नसले तर मला काय कळतंय तिथलं?"

म्हटलं, मला तरी कुठं कळत होतं. वाचायला येतं की आपल्याला. तू तर बी.ए. झालेली.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुम्हाला सोपं आहे. तुमचे मालक तासगावला असतात."

एवढं बोलून गेली. कपातला चहा थंड झाला, टाकून दिला.

मंगळवार, १६ मे

बाजाराचा दिवस. सकाळी बघते तर मैदानाला पत्रे ठोकलेले. एक बोर्ड, काम चालू आहे. आत काम काही नाही, एक पोकलेन उभा, ड्रायव्हर झोपलेला. दोन माणसं बाहेर उभी करून बायकांना बायपासला पाठवत होती.

ठराव नाही, काही नाही. मु.अ. साहेबांना फोन केला. आदेश कुणाचा? ते म्हणाले, साफसफाईसाठी तात्पुरतं आहे. लेखी आहे का? ते म्हणाले, तोंडी सांगण्यात आलं. कुणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही ताणलं नाही. एवढं पुरेसं होतं.

रिक्षा करून बायपासला गेले. ऊन असं की डोळे उघडवेनात. बायका शेळ्यांना आपल्या सावलीत उभं करत होत्या. पाण्याचा एक टँकर येणार होता, आला नव्हता. व्यापाऱ्यांना माहीत होतं की ह्या शेळ्या आता एवढ्या उन्हातनं परत चालत जाणार नाहीत. भाव निम्म्याच्या आसपास. रफीकभाई बिचारे म्हणाले, आवं ताई, मी चार रुपये जास्त देतो तर बाकीचे व्यापारी माझ्यावर येतात. हा आपला धंदा न्हाई.

बायजाक्काला त्या भावात इकायचंच नव्हतं, ती परत निघाली. तिला रिक्षात घातलं, शेळ्यांसकट. रिक्षावाला कुरकुरला. वाटेत ती शेळ्यांनाच गोंजारत होती. तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

माझ्याच प्रभागातली सखू. तिच्या नवऱ्यानं शेळी टेम्पोत घालून नेली होती. संध्याकाळी तो घरी आला, पैसा नाही आला. सखू दळणाचा डबा घेऊन आली आणि गिरणीत बसून राहिली. दळण झालं तरी उठेना. तिला म्हटलं, पुढच्या मंगळवारी दुसरी शेळी इथं मैदानावर आण. ती म्हणाली, तिथं तर पत्रे आहेत.

आण तू, म्हटलं.

शुक्रवार, १९ मे

हे काल आलेत. आज सकाळी शिपाई पक्षादेश घेऊन आला. सोमवार एकोणतीसला विशेष सभा, विषय एकच, गटातल्या सर्व सदस्यांनी ठरावाच्या बाजूनं मतदान करावं, अन्यथा अपात्रतेची कारवाई. खाली आबा भावजींची सही. सही करून घेतला. हे शेजारीच उभे होते. वाचायला मागितला नाही.

दुपारी जेवताना म्हणाले, आबाचा फोन आला होता. पद जाईल म्हणतोय.

जाईल, म्हटलं.

"सहा वर्सं उभं राहता येत न्हाई म्हणं."

तसं असेल, म्हटलं.

भाकरी मोडून ठेवली त्यांनी. म्हणाले, "मी आबाच्या इरोधात बोलणार न्हाई. आन् तुझ्याबी न्हाई. मला दोन्हीकडनं वढू नका."

राग आला. म्हटलं, मी कुठं ओढतेय, मी एकटीच चाललेय. नंतर त्यांनी गिरणीचा पट्टा परत एकदा ताणून दिला, तेलपाणी केलं. न सांगता. मी आत भांडी आपटत होते. रागात असलं तरी ते दिसत होतं मला.

मंगळवार, २३ मे

लिहिताना हात आवरत नाही आज.

सकाळी आठला मैदानावर. पत्रे तसेच, बोर्ड तसाच, पोकलेन गेलेला. आधी बायजाक्का एकटी आली, तिच्याकडं वस्तीवर निरोप धाडला होता. मग वस्तीवरच्या सहा-सात जणी. मग सखू, नवऱ्याला न सांगता शेळी घेऊन. नऊपर्यंत रस्ता शेळ्यांनी भरला. वाहनं अडकली, हॉर्न सुरू. त्या दोन माणसांनी बायपासला जा म्हणून सांगून बघितलं. कुणी हललं नाही.

मी म्हटलं, आदेश दाखवा. मी ह्या प्रभागाची नगरसेविका, मला दाखवा. त्यांनी सर्जेरावांना फोन लावला. ते आले, तावातावानं बोलले. आदेश त्यांच्याकडंही नव्हता. पोलीस आले, हवालदारसाहेब ओळखीचे, दळण माझ्याकडंच असतं. त्यांनीही तेच विचारलं, कागद आहे का? सर्जेराव म्हणाले, सोमवारी ठराव होतोय. हवालदार म्हणाले, मग सोमवारनंतर बोला.

फाटकाच्या पत्र्याला तार गुंडाळलेली होती. मी सोडायला लागले, बोटाला कापलं. बायजाक्कानं मला बाजूला केलं, पदर हाताला गुंडाळला आणि तार सोडवली. पत्रा बाजूला केला तर पहिल्यांदा बायका नाहीच गेल्या, शेळ्याच घुसल्या. त्यांना हौद आठवत होता. सरळ पाण्याकडं.

लिंबाखाली जागा धरण्यावरून बायकांची भांडणं लागली नेहमीसारखी. मला इतकं बरं वाटलं. रफीकभाई दहा वाजता आले, मागनं बाकीचे. बायपासला कुणी गेलंच नव्हतं म्हणे. सखूची पाठ इकली. पैसे तिनं माझ्यासमोर चोळीत ठेवले आणि किराणा घ्यायला गेली.

दुपारी तीनला बाजार उठला. सगळ्या बायकांनी मिळून जागा झाडली. पत्रे तेवढे नीट रचून ठेवले एका कडेला. नगरपंचायतीचे आहेत, उद्या नुकसान केलं म्हणायला नको.

गुरुवार, २५ मे

काल दिवसभर फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर माझा पत्रा ओढतानाचा फोटो, खाली काय काय लिहिलेलं. विरोधकांकडनं पैसे घेतले, पुढच्या वेळी तिकडनं उभी राहणार, वगैरे. मुलीचा सांगलीहून फोन, ती तिथं नर्सिंगला आहे. म्हणाली, आई, पदर नीट घेतला नव्हतास फोटोत. एवढंच म्हणाली आणि दोघी हसलो.

संध्याकाळी आबा भावजी घरी आले. हे रविवारीच तासगावला गेलेत. भावजींनी तसा दिवस निवडला असावा, किंवा नसेलही. सोप्यात बसले. पाणी दिलं, प्यायले.

चढ्या आवाजात बोलतील वाटलं होतं. ते हळू बोलले. गट टिकला नाही तर अडीच वर्षांत दुसऱ्यांची सत्ता येईल, आलेली पाणी योजना अडकेल, सर्जेरावाचं ऐकावं लागतं कारण त्याच्या मागं चार सदस्य आहेत. मला तो माणूस आवडतो असं नाही, म्हणाले. हे सगळं खरं होतं. भावजी खोटं बोलत नाहीत.

मग म्हणाले, "सुमन, तुला तिकीट दिलं ते घरातली म्हणून दिलं. घरातलीनं असं करायचं?"

मी म्हटलं, "घरातली म्हणूनच तुमाला आधी माडीवर इचारलं, भावजी. तवा कुनी उत्तर दिलं न्हाई."

"दिलं की सर्जेरावानं."

"ते उत्तर न्हवतं."

मग त्यांनी विचारलं, सोमवारी काय करणार? विरोधात मत देणार, म्हटलं. परत परत येऊन मन वळवायला लागू नये म्हणून आधीच सांगते. उगाच आशेवर नका राहू.

उठले. चपला घालताना म्हणाले, मग मला कारवाई करावी लागंल. करा, म्हटलं. जाताना दारातल्या तुळशीला पाणी नाही म्हणाले, वाळलीय. खरंच वाळली होती. चार दिवस लक्ष नव्हतं.

सोमवार, २९ मे

विशेष सभा.

खाली आवारात बायका. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या बसल्या. शेळ्या आणू नका म्हणून मीच सांगितलं होतं. बायजाक्कानं तरी एक करडू आणलंच, घरी ठेवायला कुणी नाही म्हणाली.

वर आज सर्जेराव बाहेरच्या बाकावर. मु.अ. साहेबांनी आधीच सांगितलं असणार. दार लावलं. वैशाली खुर्चीत एकटी. फाईल तिच्या हातात, उलटी धरलेली, मग सुलटी केली.

मी बोलले. पाच-सात मिनिटं असेल. माडीवर जे सुचलं नव्हतं ते सगळं. बैल कुणाचा, म्हैस कुणाची, शेळी कुणाची. कागद नव्हता हातात. कुणी टोकलं नाही. आबा भावजी समोर बघत होते, माझ्याकडं नाही. संकुल बांधायचं तर जुन्या दवाखान्यामागची नगरपंचायतीची जागा पडून आहे, तिथं बांधा, मी पहिला हात वर करेन, हेही म्हणाले.

मग मतदान. मी आवाजी नको म्हटलं, हात वर करून मोजा. ठरावाच्या बाजूनं आठ. विरोधात सात विरोधी गटाचे, आणि मी. आठ. माझा हात वर जाताना कुठंतरी खुर्ची करकरली, तेवढाच आवाज.

सतरा जणांतली एक राहिली. वैशाली. तिनं हात कुठंच वर केला नव्हता.

भावजी म्हणाले, "मॅडम, आपलं मत."

तिनं दाराकडं बघितलं. दार बंद. मु.अ. साहेबांना विचारलं, बायपासच्या जागेवर पाण्याची सोय आहे का? ते म्हणाले, प्रस्तावित आहे. तुम्ही जागा बघितलीत? नाही. ती म्हणाली, मीही नाही बघितली. बघितल्याशिवाय मत देणार नाही, विषय पुढच्या सभेत.

आवाज इतका बारीक की मागच्यांनी परत विचारलं. तिनं परत सांगितलं.

भावजी म्हणाले, असं करता येत नाही.

"मी अध्यक्ष आहे ना?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती. मु.अ. साहेब म्हणाले, हो, आहात.

सभा संपली. ती जिन्यानं उतरली, सर्जेराव मागनं. गाडीत बसताना दोघं दोन दारांनी बसले.

खाली येऊन बायकांना सांगितलं, ठराव झाला नाही, पण पडलाही नाही. बायजाक्का म्हणाली, म्हंजी उद्याचा बाजार?

इथंच, म्हटलं.

बुधवार, ३१ मे

काल बाजार भरला. पत्रे कुणीतरी रात्रीत नेले. बरं झालं, अडचणच होती.

वैशाली सोमवारी संध्याकाळीच माहेरी गेली म्हणे. तब्येत बरी नाही असं सांगतात. दोनदा फोन केला, उचलला नाही. तिचं "तुम्हाला सोपं आहे" परत परत आठवतं. सोमवारी तिनं जे केलं ते माझ्यापेक्षा अवघड होतं.

शुक्रवार, ९ जून

जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस. माझ्या अपात्रतेचा अर्ज. अर्जदार गटनेते. बाजू मांडायला एकवीस तारखेला साताऱ्यात हजर राहावं.

वकील केला. त्यांनी कागद बघितले आणि खूश झाले. म्हणाले, पक्षादेश नगरपंचायतीच्या शिपायानं आणून दिला, ती पद्धतच चुकीची. तुम्ही फक्त म्हणायचं, मला नीट आठवत नाही काय कागद होता तो, वाचला नाही. बाकी मी बघतो. पद वाचेल.

ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, वकील म्हणतोय तसं कर.

करते, म्हटलं.

बुधवार, २१ जून

सातारा. आत्ता घरी पोचले, हातपाय धुऊन लिहायला बसले.

हे तासगावहून परस्पर आले होते. मी पोचले तर आबा भावजींबरोबर चहाच्या गाड्यावर उभे. मला बघून पेला ठेवला, पण आले नाहीत. नाव पुकारलं. आत दोन बाजूंना बाकं. भावजी आणि त्यांचे वकील तिकडं, मी आणि माझे वकील इकडं. हे दारात घुटमळले, मग माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसले. भावजींनी बघितलं.

आमचे वकील शिपायाच्या मुद्द्यावर बराच वेळ बोलले. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि मग मलाच विचारलं. आवाज शांत होता.

पक्षादेश मिळाला होता का?

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. मी तयारी करून आले होते, आठवत नाही म्हणायची. एसटीत घोकलंही होतं. पण मला सगळं लख्ख आठवत होतं. शिपाई उभा होता तो उंबरा, हे शेजारी, माझी सही. आणि आठवत नाही म्हटलं तर मैदानात मी काय केलं, सभेत काय बोलले, ते सगळं चुकून झाल्यासारखं होणार. वाचलं नाही म्हणून हात वर गेला. असं?

"मिळाला होता," म्हणाले.

वाचला होता?

"वाचला होता."

तरी विरोधात मत दिलंत?

"दिलं. पुन्हा दिलं असतं."

वकिलांनी फाईल मिटली. साहेबांनी लिहून घेतलं, पुढची तारीख दिली. वैशालीलाही साक्षीला बोलावणार आहेत. ती कुठल्या बाजूनं बोलेल कुणालाच माहीत नाही. तिलाही नसेल.

बाहेर वकील माझ्याशी बोलेनात. हे फक्त एवढंच म्हणाले, करते म्हणाली होतीस की. म्हटलं, व्हय, म्हणाले होते.

पायऱ्यांवर आबा भावजी थांबले होते. म्हणाले, "आठवत न्हाई म्हणाली असतीस तर सुटली असतीस. मी काय खोडून काढणार न्हवतो."

"ठाव हाय, भावजी."

"पुढच्या सभेत विषय परत लावणार हाय मी. तवा तू आत असशील का न्हाई, सांगता येत न्हाई."

"आत नसले तर खाली आवारात असेन. बायकांत."

ते दोन पायऱ्या उतरले, मागं वळले, आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाले, जेवून निघा दोघं, लांबचा पल्ला हाय.

आम्ही जेवलो नाही. गावाकडची, वडूजची गाडी लागली होती.